कच्चे कैदी आणि आपण

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिस बिहारमधील मुजफ्फरपूर मतदारसंघातून प्रचंड मताधिक्याने निवडून आले, तेव्हा ते बडोदा डायनामाइट खटल्यातील आरोपी म्हणून दिल्लीच्या तिहार तुरुंगात होते. प्रचाराला ते एकदाही जाऊ शकले नाहीत. साखळदंड अडकवलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र गावोगाव फिरले आणि त्या छायाचित्राने निवडणूक जिंकली. आपल्या चळवळीच्या आठवणींत या घटनेचे स्थान फार वरचे आहे, आणि ते तसे असावे याबद्दल वाद नाही.

परंतु त्याच वेळी मुजफ्फरपूरच्याच मध्यवर्ती तुरुंगात रुदुल साह नावाचा एक माणूस बंद होता. मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी त्याला निर्दोष ठरवून मुक्त केले होते. प्रत्यक्षात तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षांनी! त्याचे डोके फिरले होते म्हणून त्याला ठेवून घेतले, असे सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. तो वेडा असल्याचे कोणी, कधी, कशावरून ठरवले याचा समाधानकारक पुरावा मात्र सरकारला देता आला नाही. १ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याला आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज तीस हजार रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. मूलभूत हक्क हिरावल्याबद्दल शासनाने रोख भरपाई द्यावी, ही रीत आपल्या देशात त्या निकालाने रुजली, म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असते. कार्यकर्त्यांना ते सहसा ठाऊक नसते.

त्या चौदा वर्षांत पाटण्याला अनेक सरकारे आली आणि गेली. त्यांतले एक आपले होते. जून १९७७ ते एप्रिल १९७९ या काळात कर्पूरी ठाकूर मुख्यमंत्री होते. मागासवर्गीयांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचे धैर्य त्यांनी दाखवले आणि त्याची किंमतही मोजली. साधेपणात त्यांच्या जवळपास येईल असा मुख्यमंत्री त्यानंतर क्वचितच झाला. ते स्वतः अनेकदा तुरुंगात गेलेले होते. आणि तरीही, ज्या खटल्याने भारतातील कच्च्या कैद्यांचा प्रश्न पहिल्यांदा उजेडात आणला, त्या 'हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य' या खटल्यात प्रतिवादी होते ते त्यांचेच शासन. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तुमजी (हे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे) बिहारचे तुरुंग पाहून आले आणि त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लेख लिहिले. त्या लेखांच्या आधारे ॲड. कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पाटणा, मुजफ्फरपूर, रांची येथील तुरुंगांत अशी माणसे सापडली, की गुन्हा शाबीत झाला असता तर जी कमाल शिक्षा भोगावी लागली असती, तिच्यापेक्षा अधिक काळ ती खटला उभा राहण्याची वाट पाहत बसली होती. न्या. भगवती यांनी फेब्रुवारी व मार्च १९७९ मध्ये दिलेल्या आदेशांनी त्यांची सुटका सुरू झाली. सत्वर न्याय हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

कर्पूरीजींना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची माझी इच्छा नाही. मला वेगळीच गोष्ट बोचते. मिसाखालून सुटून आलेल्या माणसांचे ते राज्य होते. पाटण्यातच नव्हे, दिल्लीतही. एकोणीस महिने तुरुंगाची भिंत आतून पाहिलेले लोक मंत्री झाले होते. त्यांना शेजारच्या बराकीतला माणूस आठवला नाही. तो आठवायला एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक वकील लागले.

असे का व्हावे? मला वाटते, याचे उत्तर आपण तुरुंगाच्या ज्या आठवणी जपल्या त्यांत आहे. आपल्या लेखी तुरुंग म्हणजे विद्यापीठ. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. या घटना खऱ्या आहेत, पवित्र आहेत. पण त्याच बराकींपलीकडे चोरी, दारू, जंगलातले लाकूड, सावकाराशी मारामारी अशा आरोपांखाली पडून राहिलेल्या माणसांनी काही लिहिले नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवावे म्हणून जतीन दास यांनी १९२९ साली ६३ दिवस उपोषण करून लाहोरच्या तुरुंगात प्राण सोडला. त्या लढ्यानंतर परकीय सरकारने जी व्यवस्था आणली ती अ, ब आणि क अशा वर्गांची, आणि वर्ग ठरू लागला तो कैद्याचे शिक्षण, मिळकत आणि राहणीमान पाहून. म्हणजे बाहेरचा समाज जसाच्या तसा आत नेण्यात आला. आपल्यापैकी कित्येकांचे वडीलधारे 'ब' वर्गात होते. त्यांचे पाणी भरणारा, झाडलोट करणारा कैदी 'क' वर्गातला असे. आत्मचरित्रांत तो एखाद्या ओळीत येतो, बहुधा टोपणनावाने.

अपवाद आहेत. समाजवादी चळवळीशी जोडलेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होत्या. दम्याने बेजार असतानाही त्या तेथील सामान्य स्त्री कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध भांडत राहिल्या. जानेवारी १९७७ मध्ये, सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, त्यांचा मृत्यू झाला. त्यांना आपण हुतात्मा म्हणतो. ज्या कैद्यांसाठी त्या भांडल्या त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता आजची स्थिती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ माणसांची. आणि या बंदिवानांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. हे आकडे पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. भारतातील सगळ्या तुरुंगांत मिळून जेवढी जागा आहे, जवळजवळ तेवढीच माणसे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही अशी आहेत. उद्या सर्व पक्के कैदी सोडून दिले तरी आपले तुरुंग भरलेलेच राहतील. पाच वर्षांहून अधिक काळ कच्चेच राहिलेले अकरा हजारांवर आहेत. बंदिवानांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून सुमारे दोन-तृतीयांश भरतात. चतुर्थांशाच्या आसपास निरक्षर आहेत. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता काही वर्षांपूर्वीपर्यंत ८०४ होती. तेथे तिच्या तिपटी-चौपटीने माणसे ठेवली जातात, आणि रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावे लागते, असे तेथून आलेले लोक सांगतात.

'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वाक्य न्या. कृष्ण अय्यर यांच्या १९७७ च्या निकालापासून न्यायालये म्हणत आली आहेत. मग माणसे आत का राहतात? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधून भागत नाही. ते तहसील कचेरीत, न्यायालयाच्या आवारात आणि पोलीस मुख्यालयाच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात सापडते. जामीन मंजूर होतो तो अमुक रकमेच्या जामीनदारावर. जामीनदाराकडे घर, जमीन किंवा पक्की नोकरी हवी. त्याचा सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, ऐपतीचा दाखला हवा. मराठवाड्यातून पुण्याच्या बांधकामावर आलेल्या मजुराला पुण्यात कोण जामीन राहणार? गावाकडे भाऊ आहे, पण त्याच्या नावावरची दीड एकर जिराईत जमीन दुसऱ्या जिल्ह्यात. आवारात व्यावसायिक जामीनदार मिळतात, त्यांचा दर ठरलेला असतो, आणि तो दर ज्याच्यापाशी नाही तो परत बराकीत जातो. मंजूर झालेला जामीन अशा माणसाच्या हातात नुसता कागद म्हणून उरतो.

हे काही नव्याने उमगलेले नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामिनावर सोडायला सांगितले. खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर संतापले, एक हजाराच्या जातमुचलक्यावर माणसाला सोडा म्हणाले, आणि गरिबांकडून जामीनदार मागण्याच्या साऱ्या पद्धतीवर त्यांनी कोरडे ओढले. त्या निकालाला पंचेचाळीस वर्षे उलटून गेली. तालुक्याच्या न्यायालयात आजही तोच प्रश्न विचारला जातो: जामीनदार स्थानिक आहे का?

कायदे बदलले नाहीत असे नाही. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीसाठी ही मुदत एक-तृतीयांशावर आणली. हे स्वागतार्हच आहे. पण त्याच कलमात पुढे एक पाचर मारून ठेवली आहे: ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे वा खटल्यांचे काम चालू आहे त्याला हा लाभ नाही. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत कधी काळी राहिलेल्या माणसाला या पाचरीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पारध्याच्या पोरावर पोलीस एकच गुन्हा नोंदवून थांबले, असे किती वेळा घडते?

याची मुळे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड डांबण्यात आले. सोलापूरची वसाहत आपल्या परिचयाची आहे. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा गेला, लोक 'विमुक्त' झाले. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागोमाग आले, आणि तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जुनी भाषा तशीच राहिली. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास साफ करायचे, हे राज्याराज्यांच्या नियमपुस्तिका एकविसाव्या शतकातही सांगत होत्या. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे शोधून लिहिले, न्यायालयात नेले, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सारे नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकानाही काढून टाकायला सांगितले. राज्यघटना अमलात येऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावर! अस्पृश्यता निर्मूलनासाठी शिबिरे भरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही पुस्तके उघडून पाहिली नव्हती.

याच निमित्ताने तुरुंगांच्या अभ्यासाबद्दल थोडे बोलणे जरूर आहे. आपल्याकडे या संस्थांविषयी जे काही ठोस कळले, ते एक तर आत डांबलेल्यांकडून कळले किंवा दार ठोठावणाऱ्या एकांड्या माणसांकडून. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून, त्यांतील पाच जणींना पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. न्यायालयाने काय केले? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन, कैदी स्त्रियांना एकांतात भेटून अहवाल द्यायला सांगितले. त्या अहवालावरून फेब्रुवारी १९८३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, स्त्री पोलिसांची उपस्थिती, अटकेबरोबर कायदेविषयक मदत समितीला कळवणे, असे आदेश निघाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० पासून 'प्रयास' या प्रकल्पाद्वारे समाजकार्यकर्त्यांना तुरुंगांत आणि ठाण्यांत नेऊन बसवले. पुस्तकी अभ्यासापेक्षा या कामाचे मोल मी अधिक मानतो. उलट, सरकारचे धोरण दार लावून घेण्याचे. २०१५ मध्ये केंद्रीय गृहखात्याने पत्रकार व संशोधकांच्या तुरुंगप्रवेशावर ज्या अटी सुचवल्या, त्यांत लाख रुपयांची अनामतही होती. लाख रुपये ठेवून संशोधन करणारा विद्यार्थी कोणत्या घरातून येणार?

आणि फादर स्टॅन स्वामी. झारखंडच्या तुरुंगांत नक्षलवादाच्या आरोपाखाली वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांचा त्यांनी अभ्यास केला होता, उच्च न्यायालयात दादही मागितली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनाच बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली. कंपवातामुळे हातात पेला धरवेना म्हणून त्यांना पाणी पिण्याच्या नळीच्या भांड्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत वयाच्या ८४ व्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांच्या जामिनाच्या अर्जाची सुनावणी चालू होती. कच्च्या कैद्यांचा अभ्यासक कच्चा कैदी म्हणून मेला.

येथे आपल्याच चळवळीतील एका अडचणीकडे वळले पाहिजे, कारण ती टाळून हा विषय पुरा होत नाही. दलित वस्तीवर हल्ला होतो, स्त्रीवर अत्याचार होतो, तेव्हा मोर्चात आपण घोषणा देतो की आरोपींना जामीन देऊ नका. तो संताप योग्य असतो. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरेवर जे गुदरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना ज्या युक्तिवादाने सोडले, त्यानंतर कोणी संतापणार नसेल तर ते मन मेलेले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अटकपूर्व जामिनाला बंदी आहे, तिचेही मी समर्थन करतो, कारण गावातले बलदंड अटकेआधीच साक्षीदारांना गप्प करतात. पण अनुभव काय सांगतो? कठोर कायद्यातूनही धनवान आरोपी वकिलाच्या बळावर बाहेर येतो, आणि त्याच कठोरपणाचा पूर्ण भार ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्यावर पडतो. तेव्हा आपली मागणी अधिक नेमकी हवी. जामीन देताना आरोपीची मालमत्ता न पाहता, साक्षीदारांवर दडपण आणण्याची त्याची शक्ती पाहा, असे आपण म्हटले पाहिजे. त्या कसोटीने साखर कारखान्याचा संचालक आत राहील आणि त्याच कारखान्याचा ऊसतोड मजूर बाहेर येईल. आज बहुधा उलटे घडते. आणि प्रत्येक नव्या कठोर कायद्याला टाळ्या वाजवण्याआधी मिसा, टाडा, पोटा ही नावे आठवावीत. जुलै २०२५ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी आपण रस्त्यावर आलो, ते ठीकच. पण त्या लढ्यातही आपले लक्ष कार्यकर्त्यांच्या सुरक्षिततेवर होते, हे प्रामाणिकपणे मान्य करू.

आणखी एक विसंगती पक्षकार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुरुंगातील माणसाला मतदान करता येत नाही, मग तो पक्का असो की कच्चा. निवडणूक मात्र कच्च्या कैद्याला लढवता येते. जॉर्जना मुजफ्फरपूरमधून उभे राहता आले, रुदुल साहला त्यांना मत देता आले नसते. चार लाखांच्या आसपास माणसे, जी कायद्याने निर्दोष आहेत, मतदार म्हणून अस्तित्वात नाहीत. त्यांच्याकडे मते नाहीत म्हणून त्यांच्याकडे पक्ष जात नाहीत, इतका हा सरळ हिशेब आहे. आपणही त्यात आलो.

काय करता येईल ते मोठे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये काही सूचना दिल्या आहेत. जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत २०२३ मध्ये जामिनाची रक्कम भरण्यासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याचा दंड भरण्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती असते, तिच्यात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसतात. तुरुंगाच्या अभ्यागत मंडळावर अशासकीय माणसे नेमायची तरतूद आहे. एस. टी. महामंडळापासून देवस्थानापर्यंत सगळ्या समित्यांसाठी आपले लोक खटपट करतात, या मंडळासाठी अर्ज केलेला कार्यकर्ता मला अद्याप भेटायचा आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा, अशी माझी सूचना आहे. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात जामीन मंजूर होऊनही आत राहिलेली माणसे किती, त्यांची गावे कोणती, जामिनाची रक्कम किती. ही यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात असली पाहिजे. नसेल तर ती का नाही, हे विचारता येते. गावे कळली की त्या गावांत आपले कोण आहे ते पाहावे, आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे अशा दोघांना घेऊन तारखेच्या दिवशी न्यायालयात सकाळी साडेदहाला हजर राहावे. कागदपत्रांच्या दोन प्रती न्याव्यात, आणि ऐपतीचा दाखला आदल्या आठवड्यातच काढून ठेवावा.